कोर्ट आणि घर यांच्यामधला माणूस

विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कापून नेणे हे बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यातले जुने दुखणे आहे. केबल जाळायची, आतले तांबे भंगारात घालायचे. चोराला सुटतात ते जेमतेम काही हजार रुपये. शेतकऱ्याला मात्र नवी केबल घ्यावी लागते, पाण्याची पाळी चुकते आणि उभा ऊस माना टाकतो. समजा, अशा एका चोरीत इंदापूर तालुक्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा सापडला. पहिलाच गुन्हा. शाळा दहावीत सुटलेली, बाप दारूच्या नादी लागलेला, आई लोकांच्या रानात खुरपायला जाणारी. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला. आता कोर्टापुढे प्रश्न उरतो तो शिक्षेचा.

गावाला याची दोनच उत्तरे माहीत असतात: एक तर पोरगा ‘आत गेला’, नाही तर ‘दंडावर सुटला’. आत गेला तर तिथल्या संगतीने तो अधिक बनेल होऊन परततो. दंडावर सुटला तर तो दंड आई मुकादमाकडून किंवा सावकाराकडून उचल घेऊन भरते आणि पोराचा दिनक्रम होता तसाच राहतो. तिसरे उत्तर कायद्याच्या पुस्तकात १९५८ पासून आहे. त्याचे नाव गुन्हेगार परिविक्षा अधिनियम. कोर्ट लगेच शिक्षा देत नाही; चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेते, गरज वाटल्यास त्या माणसाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देते आणि घरी पाठवते. ठरलेला काळ नीट गेला तर तुरुंग टळतो. वाकडे पाऊल पडले तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुढ्यात असतेच.

हे तिसरे उत्तर चांगले चालण्यासाठी कायदा पुरेसा नसतो. कोर्ट आणि घर यांच्यामध्ये एक माणूस लागतो. तो नसला तर व्यवस्था कागदावर राहते. तो असून नुसता पाळत ठेवणारा निघाला तर न केलेली बरी. पहिला अनुभव आपल्याकडे रोजचा आहे आणि दुसरा अमेरिकेने घेतला आहे. आपल्या भागातल्या काही समाजांनी तर तो त्याहून आधी आणि त्याहून वाईट रूपात घेतला आहे.

जामीन नव्हे, पॅरोलही नव्हे

परिविक्षेची गल्लत बहुधा जामिनाशी किंवा पॅरोलशी होते. जामीन निकालाआधीचा असतो. पॅरोल आणि फर्लो म्हणजे शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळणारी तात्पुरती सुटी. परिविक्षा या दोन्हींच्या मधली: गुन्हा शाबीत झालेला आहे, पण तुरुंगाची शिक्षा दिलेली नाही. अभिनेता संजय दत्त येरवड्यातून पॅरोल-फर्लोवर बाहेर येई तेव्हा चहाच्या टपरीपर्यंत त्याची चर्चा होई. त्याने परिविक्षेवर सोडण्याचीही मागणी केली होती आणि गुन्ह्याचे स्वरूप गंभीर असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती नाकारली होती, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

कायद्याची रचना सोपी आहे. किरकोळ चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत कैदेचे इतर गुन्हे असतील आणि आधी शिक्षा झालेली नसेल, तर कलम ३ प्रमाणे नुसती समज देऊनही सोडता येते. फाशी किंवा जन्मठेप ज्यांना लागू नाही अशा गुन्ह्यांत कलम ४ प्रमाणे बंधपत्रावर सोडता येते. त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. देखरेखीचा आदेश असेल तर ती देखरेख किमान एक वर्षाची. कलम ५ प्रमाणे फिर्यादीला नुकसानभरपाई आणि खर्च देववता येतो. एकवीस वर्षांखालच्यांसाठी कलम ६ कोर्टालाच बांधून घालते. अशा तरुणाला तुरुंगात पाठवायचे असेल तर आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि त्याला घरी का सोडता येत नाही याची कारणे लिहावी लागतात. म्हणजे आपल्या केबलचोर पोराच्या बाबतीत परिविक्षा हा नियम आहे आणि तुरुंग हा अपवाद.

सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितले आहे. १९६५ च्या रतनलाल खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला खालच्या कोर्टाने या कायद्याचा लाभ दिला नव्हता. तो अपिलातही देता येतो, असे ठरले. २०२५ मध्ये चेल्लम्मल प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की, कलम ४ लागू होण्याजोगे असेल तर त्याचा विचार करणे कोर्टाला टाळता येत नाही. विचार करून नकार देणे वेगळे, आणि विचारच न करणे वेगळे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कलम ४०१ आणि ४०२ मध्ये हीच भूमिका आहे: पात्र आरोपीला परिविक्षा दिली नाही तर विशेष कारणे नोंदवायची.

एवढा आग्रह कशासाठी, हे येरवड्याकडे पाहिले की कळते. येरवडा मध्यवर्ती कारागृहाची अधिकृत क्षमता सुमारे अडीच हजार आहे आणि आत दुपटीहून जास्त माणसे असतात. देशभरात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतले चारपैकी तीन जण निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी होते. अशा गर्दीत एकोणीस वर्षांच्या मुलाची गाठ पडते ती टोळीत माणसे भरणाऱ्यांशी. बाहेर आल्यावर त्याला जामीनदार, वकील आणि काम पुरवणारे तेच असतात.

अहवालात काय असते

या व्यवस्थेचे मर्म परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात आहे. पोलिसांच्या दोषारोपपत्रात गुन्हा कसा घडला ते असते. हा अहवाल तो माणूस कोण आहे ते सांगतो. त्यासाठी अधिकाऱ्याने घरी जायचे, आई-वडिलांशी बोलायचे, शेजाऱ्यांना, शिक्षकाला, काम देणाऱ्याला विचारायचे. घरात कमावते किती, कर्ज किती, व्यसन कुणाला, पोरगा कुणाच्या संगतीत फिरतो, त्याला हाताला काय काम येते, गाव त्याला परत घ्यायला तयार आहे का, फिर्यादी शेतकऱ्याचे म्हणणे काय, हे सगळे त्यात यायला हवे. कायद्याने हा अहवाल गोपनीय आहे. मात्र त्यातला मजकूर कोर्ट आरोपीला सांगू शकते आणि त्यावर बाजू मांडायची संधी देऊ शकते.

चांगला अहवाल कोर्टाला पुढचा रस्ता दाखवतो. ‘आरोपीची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे, वर्तणूक समाधानकारक आहे’ अशा छापील वाक्यांनी ते होत नाही. ‘या मुलाला तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो, मोटार दुरुस्तीच्या एका दुकानदाराने संध्याकाळी शिकाऊ म्हणून ठेवायची तयारी दाखवली आहे, केबलचे पैसे सहा हप्त्यांत फेडायला आई आणि मुलगा कबूल आहेत, भंगार घेणाऱ्याशी त्याचा संबंध तुटणे गरजेचे आहे’ असे लिहिलेले असेल तर न्यायाधीशाच्या हातात काहीतरी येते.

असा अहवाल पुण्यात बसून लिहिता येत नाही. महाराष्ट्रात हा विषय महिला व बाल विकास खात्याकडे आहे. याच खात्याकडे बालगृहे, निरीक्षणगृहे, भिक्षेकरी गृहे आणि संकटातल्या महिलांची कामे आहेत. त्यात मोठ्या माणसांच्या फौजदारी खटल्यातला अहवाल सहजच ढिगाच्या तळाशी जातो. बारामती पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर, इंदापूर सुमारे एकशे चाळीस. एका घरभेटीला अधिकाऱ्याचा अख्खा दिवस जातो आणि त्या दिवशी पोराची आई रानात असेल तर खेप फुकट. मग तारखा पडत राहतात. आरोपीचा वकील कंटाळतो, ‘दंड भरून मोकळे व्हा’ म्हणतो, आणि परिविक्षेचा अर्ज मागे पडतो. अल्पवयीन मुलांसाठी बाल न्याय कायद्याने सामाजिक तपासणी अहवालाला पंधरा दिवसांची मुदत तरी घातली आहे. प्रौढांसाठी तसे बंधन नाही.

बोस्टनचा चांभार आणि पुढची दीडशे वर्षे

या कल्पनेची सुरुवात सरकारी खात्यातून झालीच नाही. १८४१ मध्ये बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या, जोडे बनवणाऱ्या माणसाने कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्यासाठी स्वतः हमी भरली. तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीवर, नीटनेटका असा कोर्टापुढे आणून उभा केला. कोर्टाने नाममात्र दंड केला. पुढे अठरा वर्षे, १८५९ मध्ये मरेपर्यंत, ऑगस्टसने जवळपास दोन हजार जणांची हमी घेतली. कुणाला घ्यायचे हे तो चौकशी करून ठरवी, नंतर त्यांना काम आणि राहायला जागा मिळवून देई. अहवाल, हमी, देखरेख, रोजगार हे आजच्या परिविक्षेचे चारही खांब त्याच्या कामात आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये पहिला कायदा केला, इंग्लंडने १९०७ मध्ये. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतःचा परिविक्षा कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी आला.

अमेरिकेत पुढे ही व्यवस्था फुगली. आज तिथे सुमारे तीस लाख लोक परिविक्षेवर आहेत. तुरुंगाला पर्याय म्हणून निघालेली वाट अनेकांसाठी तुरुंगाचे मागचे दार ठरली. अटी वाढत गेल्या: ठरल्या वेळी हजर राहा, लघवीची तपासणी द्या, देखरेखीचे शुल्क भरा, परवानगीशिवाय गाव सोडू नका, अमक्याला भेटू नका. यातली एखादी मोडली की नवा गुन्हा न करताही माणूस आत जातो. फिलाडेल्फियाचा रॅप गायक मीक मिल हे त्याचे गाजलेले उदाहरण. २००७ च्या अटकेतून सुरू झालेली देखरेख दहा वर्षे त्याच्या मागे राहिली आणि २०१७ मध्ये अटी मोडल्याबद्दल त्याला दोन ते चार वर्षांची कैद सुनावली गेली. लोक रस्त्यावर उतरले, पुढच्या वर्षी तो सुटला, २०१९ मध्ये मूळ दोषसिद्धीही रद्द झाली. पेनसिल्व्हेनियाने डिसेंबर २०२३ मध्ये परिविक्षेचा कायदा सुधारला. कॅलिफोर्नियाने त्याआधी, २०२० मध्ये, बहुतेक गुन्ह्यांसाठी परिविक्षेचा काळ एक-दोन वर्षांवर आणला होता.

यामागे संशोधनही आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात अमेरिकेतल्या चौदा ठिकाणी काही जणांवर कडक आणि काहींवर नेहमीची देखरेख ठेवली गेली. कडक देखरेखीने नवे गुन्हे घटले नाहीत. अटी मोडल्याच्या नोंदी तेवढ्या वाढल्या आणि त्यासोबत तुरुंगही भरले. फिलाडेल्फियात उलटा प्रयोग झाला. ज्यांच्याकडून धोका कमी होता त्यांच्या भेटी कमी केल्या, तरी त्यांच्यातली गुन्हेगारी वाढली नाही. कमी धोक्याच्या माणसाला एकटे सोडावे, वेळ आणि श्रम अवघड माणसांवर घालावेत, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

हजेरीचा वारसा

आपल्याला हे शिकायला समुद्र ओलांडायची गरज नव्हती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवले. इंदापूरच्या पलीकडे, सोलापुरात या जमातींची मोठी सेटलमेंट होती: कुंपण, गिरणीतले काम, ठरल्या वेळची हजेरी, बाहेर जायला पास. देखरेख होती आणि ती पिढ्यानुपिढ्या होती. तिचा हेतू माणूस जागेवर आहे का हे पाहणे एवढाच होता. तो कसा जगतो आहे याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून तो कायदा गेला. सवय मात्र राहिली. बारामती, इंदापूर, दौंड या तालुक्यांत पारधी वस्त्या आहेत आणि कुठेही चोरी झाली की पहिली गाडी तिकडेच वळते, अशी तक्रार तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षे करत आले आहेत.

तडीपारीचा विचारही याच वळणाचा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येते. एखाद्या टोळीची दहशत मोडायला ते कधी गरजेचे असेल. पण घर, आई, काम आणि ओळखीची चार शहाणी माणसे ज्याच्यापासून तोडली, तो बाहेरगावी कुणाच्या आधाराने जगणार? परिविक्षेची धारणा याच्या नेमकी उलट आहे: माणसाला त्याच्याच गावात, त्याच्याच लोकांमध्ये ठेवून सरळ करायचे.

म्हणून बारामतीत किंवा इंदापुरात उद्या परिविक्षा अधिकारी नेमला आणि त्याने पोलीस ठाण्यातल्या हजेरीचीच नक्कल केली, तर आपण दोन्हीकडून फसू. एका बाजूला तुरुंग टळला असे समाधान मिळेल, दुसऱ्या बाजूला जुनीच पाळत नव्या नावाने सुरू होईल आणि तिचा भार पूर्वीच्याच वस्त्यांवर पडेल.

दोन तालुक्यांत काय करता येईल

पहिली गोष्ट माणसाची. कलम १३ प्रमाणे परिविक्षा अधिकारी तीन प्रकारे मिळू शकतो: सरकारने नेमलेला, सरकारमान्य संस्थेने दिलेला, किंवा विशेष परिस्थितीत कोर्टाला योग्य वाटणारी कुणीही व्यक्ती. म्हणजे पद मंजूर होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. बारामतीत सत्र न्यायालय आहे, इंदापुरात तालुका न्यायालय आहे, तालुका विधी सेवा समित्या आहेत. समाजकार्याची पदवी घेतलेला माणूस मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आठवड्यातले ठरलेले दिवस या कोर्टांत बसू शकतो. असे काम कसे चालते याचे मराठी मुलखातले उदाहरणही आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातल्या तुरुंगांत आणि कोर्टांत आरोपींसोबत काम करतो: घरच्यांशी संपर्क, वकील, सुटल्यावर निवारा आणि रोजगार. पोलीस पाटलाला हे काम द्यावे असे कुणी सुचवेल. ते टाळावे. गावात तो पोलिसांचा माणूस मानला जातो आणि गावकीच्या भावकीतही त्याचा पाय असतो.

दुसरी गोष्ट अटींची. कमी अटी, आणि प्रत्येक अट त्या गुन्ह्याच्या कारणाशी जोडलेली. एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्या मुलाला दर सोमवारी दुपारी पुण्याला या म्हटले तर महिन्याला चार खाडे पडतात आणि ठेकेदार पाचव्या खाड्याची वाट पाहत नाही. त्यापेक्षा आठवडे बाजाराच्या दिवशी, तालुक्याच्याच गावी, पाळी सुटल्यावर भेट ठेवली तर काम टिकते. पहिले तीन महिने दर आठवड्याला भेट, मग महिन्यातून एकदा, मधे फोन. गुन्ह्यामागे दारू असेल तर ती सोडण्याची अट कायद्याने घालता येते; पण नुसती अट घालून दारू सुटत नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी दाखवून दिले आहे की व्यसनमुक्तीत घसरण ही आजाराचाच भाग असते. एकदा पिऊन आला म्हणून त्याला तुरुंगात टाकणे म्हणजे उपचार अर्ध्यावर तोडणे.

तिसरी गोष्ट राहण्याच्या पत्त्याची. कलम ४ म्हणते की आरोपीचे किंवा त्याच्या जामीनदाराचे राहण्याचे ठिकाण किंवा कामधंदा कायमचा असावा. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या कारखान्यांवर बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोपी घालून राहतात आणि पट्टा पडला की परत जातात. अशा मजुराला ‘कायम पत्ता नाही’ म्हणून परिविक्षा नाकारणे सोपे आहे, पण कायद्याला ते अभिप्रेत नाही. परिविक्षेच्या काळात तो जिथे राहण्याची शक्यता आहे ते ठिकाणही कलमाने मान्य केले आहे. गळीत हंगामात इथे आणि नंतर त्याच्या मूळ जिल्ह्यात देखरेख, अशी साखळी दोन अधिकाऱ्यांनी आपसात बोलून ठेवली की प्रश्न मिटतो. स्थिर पत्ता नसलेल्या पारधी कुटुंबालाही हाच न्याय हवा.

चौथी गोष्ट चूक झाल्यावरची. अट मोडली की थेट कैद, असे आपल्या कायद्यात नाही. कलम ९ मध्ये पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंतचा दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याची सोय आहे. १९५८ चे पन्नास रुपये आज किरकोळ वाटतात, पण त्यामागची पायरीपायरीने जाण्याची दृष्टी अमेरिकेला आत्ता सुचते आहे. तसेच कलम ८ प्रमाणे वागणूक सुधारली असेल तर मुदतीआधीच बंधपत्रातून मोकळे करता येते. या तरतुदीचा वापर बक्षिसासारखा व्हावा: वर्षभर काम टिकवले, भरपाई फेडली, तर मोकळा.

पाचवी गोष्ट कामाची आणि फिर्यादीची, आणि या दोन्ही एकत्रच पाहायला हव्यात. रोजगार शोधून द्यायचा प्रयत्न करणे आणि भरपाई फेडायला मदत करणे, ही दोन्ही कामे कलम १४ ने परिविक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यातच घातली आहेत. पोराला काम मिळाले तरच शेतकऱ्याला केबलचे पैसे मिळतील. आजच्या पद्धतीत दंड सरकारजमा होतो आणि ज्याचे नुकसान झाले तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवून रिकाम्या हाताने घरी जातो. भरपाईचे हप्ते सुरू झाले की परिविक्षेला गावातूनच पाठिंबा मिळतो. आरोपीचे लाड चालले आहेत ही भावना त्याने जितकी कमी होते तितकी भाषणांनी होत नाही.

नोकरीची एक गाठ मात्र सुटायची आहे. बारामती-इंदापूरची कितीतरी पोरे पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. बाकीच्यांना एमआयडीसीत चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे कलम १२ सांगते. मात्र न्यायालयांनी हेही म्हटले आहे की, दोषसिद्धी पुसली जात नाही आणि नोकरी देणारा वर्तणुकीचा विचार करू शकतो. परिविक्षा पुरी केल्याचा कोर्टाचा शेरा पडताळणीच्या दाखल्यात ठळकपणे यायला हवा. नाही तर तीन वर्षे सरळ वागूनही पोराच्या हाती ‘गुन्हा दाखल आहे’ एवढेच वाक्य उरते.

सामुदायिक सेवा आणि लोकांचा राग

भारतीय न्याय संहितेने जुलै २०२४ पासून सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली. ती सहा किरकोळ गुन्ह्यांपुरती आहे. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गोंधळ घालणे हा त्यातला एक. पहिल्यांदाच केलेली, पाच हजारांच्या आतली चोरी आणि मालाची परतफेड, यालाही ती लागू आहे. आपल्या गोष्टीतली केबल तेवढ्या किमतीची असेल आणि पोराने ती भरून दिली, तर तो यातच बसतो. नगरपरिषदेची बाग, ग्रामीण रुग्णालय, शाळेचे आवार अशी कामे दोन्ही तालुक्यांत आहेत. ती कोण देणार, तास कोण मोजणार, हे ठरलेले हवे. आणि हातात झाडू दिलेल्या पोराचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, तर ती सेवा राहत नाही, धिंड होते. धिंड निघालेला मुलगा आपली पत सांभाळायला गावाकडे पाहत नाही, टोळीकडे पाहतो.

लोकांचा राग खोटा नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतल्यावर अल्पवयीन चालकाला जामीन देताना निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि राज्यभर संताप उसळला. तो जामिनाचा आदेश होता, परिविक्षेचा नव्हता. पण हानी आणि अट यांचा मेळ नसला की तुरुंगाबाहेरची प्रत्येक वाट लोकांना थट्टा वाटू लागते, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बारामतीत महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला; संशयितही विद्यार्थीच होते. अशा घटनांनंतर परिविक्षेची भाषा बोलणे अवघड जाते, म्हणून तिच्या सीमा स्पष्ट सांगाव्यात. खुनासारखे गुन्हे या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेल्या अठरा वर्षांवरील माणसाला परिविक्षा मिळत नाही. बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्या चालकांना हा लाभ देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात बजावले आहे. पुणे-सोलापूर महामार्गालगत राहणाऱ्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. परिविक्षा उरते ती बांधावरची मारहाण, किरकोळ चोऱ्या, पहिल्यांदाच केलेली फसवणूक अशा प्रकरणांसाठी. कोयत्यापर्यंत पोचणारा रस्ता बऱ्याचदा अशाच प्रकरणांतून जातो, आणि तो तिथे अडवणे सर्वांत स्वस्त पडते.

हे काम नीट चालले आहे की नाही, हे ठरवायची मापेही आधी ठरवून घ्यावीत. किती भेटी घेतल्या आणि किती जणांना अट मोडताना पकडले, हे आकडे अधिकाऱ्याला हजेरीवाला बनवतात. बारामती आणि इंदापूरच्या कोर्टांतून दरवर्षी एक तक्ता निघावा: किती आरोपी परिविक्षेला पात्र होते, किती जणांसाठी अहवाल मागवला, किती अहवाल पुढच्या तारखेआधी आले, किती जणांना नकार दिला आणि कोणत्या कारणाने, नकार मिळालेल्यांत भटके-विमुक्त आणि स्थलांतरित मजूर किती. त्यापुढे: किती फिर्यादींना भरपाई पूर्ण मिळाली, किती जण वर्षअखेर कामावर होते, किती जण मुदतीआधी मोकळे झाले आणि तीन वर्षांत किती जणांवर नवा गुन्हा दाखल झाला. यासाठी नवा कायदा लागत नाही. सुरुवात तर त्याहूनही साधी आहे: एकवीस वर्षांखालच्या प्रत्येक दोषी तरुणाच्या वकिलाने शिक्षेच्या दिवशी कलम ६ चा अर्ज पुढे करावा आणि अहवाल आल्याशिवाय शिक्षेचा आदेश लिहिला जाऊ नये. अहवाल लिहिणारा माणूस तालुक्यात का नाही, हा प्रश्न मग कोर्टच सरकारला विचारील.